अठ्ठ्याहत्तर डिग्रीची हातभट्टी

हसायचं नाही हं, आधीच सांगून ठेवतो. चहा ओता, खारी घ्या, आणि मग ऐका. कारण या किश्श्यात मी जो दिसतो ना, तो तुमच्या ओळखीचा हुशार इंजिनियर नाही. तो कुणीतरी भलताच गाढव आहे!

तेव्हा आम्ही जर्मनीत, र्युसेल्सहाइमजवळच्या एका खेड्यात राहायचो. मी गाड्यांच्या इंजिन टेस्टिंगला होतो. काम काय, तर इंजिनाला जागोजागी सेन्सर चिकटवायचे आणि दिवसभर टेम्परेचर बघायचं. ऑफिसात कुणालाही कसलंही टेम्परेचर कळलं नाही की हाक यायची, मंदारला विचारा! आता एवढा मान मिळाल्यावर माणूस थोडा चढणारच की नाही?

घरी बायको, मुग्धा. तिला सातवा महिना. सासूबाई सांगलीहून तीन महिने यायला तयार, पण त्यांना ठेवू कुठे? आमची एकच बेडरूम. वर माळ्यावर एक खोली रिकामी होती, पण ती घरमालकाची, हेर म्हणजे श्रीयुत लिंडनरांची. मी विचारलं की ते मान हलवायचे. "वरती गार असतं. भिंतीला ओल आहे. म्हाताऱ्या बाईला तिथे झोपवणं नियमात बसत नाही."

मुग्धाने एक दिवस सरळ सुनावलं, "हे बघ, पहिलं बाळंतपण आहे. आईला खोली नाही मिळाली तर मी सांगलीला जाते. आणि विमानात बसू देतात तेवढ्यातच जायला हवं. काय ते लवकर ठरव."

म्हणजे काय कळलं का? बाळ सांगलीत जन्मणार, आणि मी इथे इंजिनाला सेन्सर चिकटवत बसणार! काहीही करून ती माळ्यावरची खोली मिळवायची, असं मी ठरवलं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात हेर लिंडनर माझ्या दारात. हा माणूस फिनान्सआम्टमधून, म्हणजे इन्कम टॅक्सच्या ऑफिसातून रिटायर झालेला. शर्टाचं वरचं बटणसुद्धा नियमाप्रमाणे लावणारा! हातात तांब्याची एक चिमुकली किटली, वर नळी, बाजूला वेटोळं.

"तर मग, हेर कुलकर्णी. माझं प्लमचं झाड यंदा वादळात पडलं. ही त्याची शेवटची फळं, बादलीत आंबवून ठेवलीत. माझ्या सत्तराव्या वाढदिवसाला त्यांची दारू गाळायची आहे, घरची श्नाप्स. अर्ध्या लिटरचं भांडं घरी चालतं, मी कायदा बघितलाय. फक्त भरवशाचा थर्मामीटर हवा. तुम्ही तर दिवसभर टेम्परेचरच मोजता ना?"

"गेनाऊ! अगदी बरोबर!" मी छाती काढून म्हणालो. "थर्मामीटर माझ्यावर सोडा. आणि ते खोलीचं..."

"वाढदिवस होऊ दे. मग बघू."

मी उड्या मारत घरात आलो. मुग्धाने फोनवर आईला सांगितलं, तर सासूबाईंचा आवाज मला पलंगापर्यंत ऐकू आला. "अगं बाई! जावईबापू तिकडे हातभट्टी लावणार?"

"हातभट्टी नाही हो आई," मी फोन घेऊन म्हणालो, "कायदेशीर आहे. जर्मन आहे!"

दुसऱ्या दिवशी दुकानातून दोन थर्मामीटर आणले. एक डिजिटल, एक घड्याळासारखा काट्याचा. घरी येऊन बघतो तर डिजिटल म्हणतो खोलीत एकवीस, काटेवाला म्हणतो तेवीस. बर्फाच्या पाण्यात घातले. बर्फाच्या पाण्यात काय यायला हवं? शून्य! तर एक दाखवतो दीड आणि दुसरा तीन. मी तडक दुकानात गेलो आणि काउंटरवरच्या बाईंना कॅलिब्रेशनवर असं भाषण दिलं, की त्यांनी पावती न बघता पैसे परत केले.

आता? रविवारी फ्लोमार्क्ट, म्हणजे आपला जुना बाजार. तिथे एका आजीबाईंच्या चादरीवर तो दिसला. लाकडी पेटी, आत मखमल, मखमलीवर लांबलचक काचेचा थर्मामीटर! बारीक रेषा, हाताने लिहिलेले आकडे. आजी म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांचा आहे. कधी चुकला नाही." जुनी जर्मन वस्तू, त्यात काचेची, त्यात मखमलीत. मला सांगा, पुण्याचा कुठला माणूस शंका घेईल हो?

घरी आणून बर्फाच्या पाण्यात घातला. पारा सरसर उतरला आणि शून्यावर असा उभा राहिला की इकडे नाही, तिकडे नाही.

"मुग्धा! बघ! याला म्हणतात जर्मन काम!"

"उकळत्या पाण्यात पण बघ की," ती म्हणाली.

इथे माझी हुशारी नडली. त्या थर्मामीटरचे आकडे ऐंशीलाच संपत होते. मी तिला समजावलं, "अगं, शंभराच्या पाण्यात घातला तर फुटेल ना तो! ऐंशीपर्यंतच का आहे, कळलं का? अल्कोहोल अठ्ठ्याहत्तरला उकळतं. हा खास दारू गाळण्यासाठीच बनवलाय!" आपल्याच तर्कावर मी इतका खूश झालो, की स्वतःलाच टाळी दिली.

मग त्याला भिंतीला टांगला. थोड्या वेळाने बघतो तर सोळा. खोलीत सोळा डिग्री!

"बाप रे, आपण थंडीत राहतोय! तुला सातवा महिना, आणि घरात सोळा!"

"मला उकडतंय रे."

"प्रेग्नन्सीत तसं वाटतं. हात बघू." तिच्या मुठीत थर्मामीटर दिला. पारा एकोणतीसवर थांबला. मी ओरडलोच. "मुग्धा, तुझं अंग एकोणतीस आहे!"

"मग मी मेलेय का?" ती खेकसली. "घाम आलाय मला आणि हा म्हणतो एकोणतीस!"

मी जरा गोंधळलो, खोटं कशाला बोलू. पण इंजिनियरकडे कारण नेहमी तयार असतं. "ते कातडीचं तापमान. कातडी गारच असते," असं म्हणून मी विषय मिटवला. आणि खाली जाऊन हेर लिंडनरांना सांगितलं, की घरात सोळाच डिग्री आहे.

नियमवाल्या माणसाला हे सांगायचं म्हणजे काय! भाडेकरूला वीस मिळायलाच हवेत. बिचारे पांढरेफटक पडले. बर्फाची परीक्षा मी त्यांच्यासमोर परत केली, शून्य आलं, मग त्यांनी भिंतीवरचा स्वतःचा खोलीचा थर्मामीटर काढून खणात टाकला आणि तळघरातला बॉयलर वाढवला. रोज वर येऊन विचारायचे, "आता किती?" मी म्हणायचो सतरा. ते पुन्हा वाढवायचे. शेवटी वीस आले तेव्हा त्यांच्या अंगात नुसतं बनियन होतं, मुग्धा ओला टॉवेल मानेवर घेऊन बसली होती आणि खिडकीतल्या कुंड्यांनी माना टाकल्या होत्या.

"वीस," मी समाधानाने म्हणालो. "आता कसं बरं वाटतंय!"

शनिवारी सकाळी तळघरात भट्टी लागली. मी वाचून आलो होतो, सुरुवातीला जे येतं ते वाईट, ते प्यायचं नाही. माझा नियम साधा, अठ्ठ्याहत्तरच्या आत येईल ते सगळं विष. हेर लिंडनरांनी एका रिकाम्या बाटलीवर मार्करने कवटी काढली. ते फेकायचं नाही म्हणाले, खिडक्या पुसायला उत्तम!

किटली तापली. वाफ चढली. वेटोळ्यातून थेंब पडायला लागले. आणि काय तो वास! सगळं तळघर प्लमने घमघमलं. हेर लिंडनरांनी डोळे मिटले. "हेर कुलकर्णी... हा अगदी माझ्या वडिलांच्या श्नाप्ससारखा वास आहे."

"किती आहे?"

त्यांनी चष्मा लावला. "चौऱ्याहत्तर."

"विष!" मी म्हणालो.

"पण वास..."

"हेर लिंडनर, नाकाला कॅलिब्रेशन नसतं."

हे वाक्य त्यांना पटलं हो! आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. त्यांनी निमूटपणे ते थेंब कवटीच्या बाटलीत जाऊ दिले. पंचाहत्तर, विष. शहात्तर, विष. सत्त्याहत्तर, तरी विष! मग पारा अठ्ठ्याहत्तरवर आला, आणि आम्ही दोघांनी घाईघाईने चांगली बाटली नळीखाली धरली. थेंब कसे, स्फटिकासारखे.

मी नाक लावलं. "बघा! किती शुद्ध! वाससुद्धा नाही!"

भांडं अर्ध्या लिटरचं, त्यामुळे बादली संपेपर्यंत दिवसभर हेच. मी चाखली असती तर तिथेच कळलं असतं. पण बाळ होईपर्यंत मीही थेंब घ्यायचा नाही अशी मुग्धाची अट होती. आणि हेर लिंडनरांच्या घरी वाढदिवसाची बाटली वाढदिवशीच उघडायची पद्धत.

मधल्या आठवड्यात मला आणखी एक सुचलं. मालकाला खूश करायचं तर खिडक्या पुसू या! ऑफिसातून आलो की कवटीची बाटली घ्यायची आणि काचा चोळायच्या. तळमजला झाला, जिना झाला, माळ्यावरची खोलीसुद्धा झाली. शुक्रवारी बाटलीतला शेवटचा थेंब बैठकीच्या मोठ्या काचेवर संपवला. काय चमकत होत्या म्हणता!

शनिवारी वाढदिवस. बैठकीत पंधरावीस माणसं, सगळी घामाघूम, कोट खुर्च्यांवर. हेर लिंडनर उभे राहिले. झाडाबद्दल बोलले, वडिलांबद्दल बोलले, माझ्याकडे हात करून "आणि आमचे इंजिनियर" म्हणाले. मी मान झुकवली. छोटे ग्लास भरले. प्रोस्ट, म्हणजे चिअर्स!

सगळ्यांनी एका घोटात रिकामे केले. आणि मग एकमेकांकडे बघायला लागले.

"सौम्य आहे," एक काका म्हणाले.

"तब्येतीला चांगली असेल," एक बाई म्हणाल्या.

हेर लिंडनरांनी दुसरा ग्लास भरला, प्यायले, ग्लास उजेडात धरून बघितला. मी त्यांच्या तोंडाकडे, मुग्धा माझ्या तोंडाकडे. काहीतरी चुकलं होतं, पण काय? बर्फात शून्य आलं होतं हो!

तेवढ्यात त्यांची मोठी बहीण हेल्गा उकडतंय म्हणून खिडकीपाशी गेली. काचेजवळ थबकली. नाक काचेला लावलं, पुन्हा लावलं.

"हाइनरिश, तुझ्या खिडकीला बाबांच्या श्नाप्सचा वास येतोय."

झालं! सगळे पाहुणे उठून खिडकीला नाक लावायला लागले. कुणी म्हणे, "हो, हो, प्लम!" कुणी म्हणे, "जिन्यातल्या काचेलाही आहे!" हेल्गाबाईंनी विचारलं, मोजलं कशाने? मी मखमलीची पेटी आणली. अजूनही अभिमानाने, बरं का!

त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि पोट धरून हसत सुटल्या. "अरे, हा रेओम्युरचा! आमच्या आजीकडे होता असा. जुनं माप आहे. यात बर्फ शून्यालाच, पण पाणी ऐंशीला उकळतं!"

माझ्या डोक्यात आकडे धडाधड कोसळायला लागले. सोळा म्हणजे वीस. वीस म्हणजे पंचवीस! मुग्धाचे एकोणतीस म्हणजे ठणठणीत छत्तीस. आणि अठ्ठ्याहत्तर म्हणजे साडेसत्त्याण्णव. म्हणजे मी शेवटच्या झाडाची सगळी दारू खिडक्यांना पाजली होती आणि पाहुण्यांना पाणी! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मुग्धाने हळूच विचारलं, "सांगलीचं तिकीट काढू का?"

हेर लिंडनर पुढे आले. माझ्या हातातला थर्मामीटर घेतला आणि जिना चढून वर गेले. माझ्या डोळ्यांसमोर सांगली, सांगलीतलं बाळ, आणि फोनवर त्याचं रडणं ऐकणारा मी.

बऱ्याच वेळाने खाली आले. शर्टाची बटणं वरपर्यंत लावलेली, चेहरा तसाच कडक.

"माळ्यावर अठरा," ते म्हणाले. "म्हणजे खरे साडेबावीस. दोन आठवडे बॉयलर पेटतोय, भिंतीची ओल पूर्ण सुकलीय. आता नियमात बसतं." त्यांनी खिशातून किल्ली काढून मुग्धाच्या हातात दिली. "तुमच्या आईंना बोलवा."

मुग्धाचे डोळे भरले. माझेही भरले, लपवत नाही. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"आणि तुम्ही, हेर कुलकर्णी," ते म्हणाले, "कृपा करून काही पुसू नका."

तर सासूबाई आल्या. आल्या दिवशी जिन्यात थांबून हुंगत म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्या हातभट्टीला वास छान आहे हो!" मी मान खाली घातली.

आणि तो दिवस आला. हॉस्पिटल, मी मुग्धाचा हात धरून उभा, सासूबाई डोक्याशी. ज्याच्यासाठी एवढा उपद्व्याप केला तो क्षण! मुलगी झाली. लाल, ओरडणारी, देखणी. नर्सने तिला पुसलं, तपासलं आणि मोठ्याने सांगितलं, "टेम्परेचर सदतीस!"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कुठल्या मापाने?"

नर्स माझ्याकडे बघतच राहिली. पलंगावरून मुग्धाचा थकलेला आवाज आला, "आई, ह्याला बाहेर ने गं!"

आणि सासूबाईंनी खरंच नेलं हो! काचेच्या दाराबाहेर उभं केलं. मी काचेला नाक लावून आत बघत होतो, आणि त्या काचेला कसलाही वास नव्हता.