कापसाच्या ढिगाची खूण

भिजलेल्या सरकीचा वास आला की मला नव्या नवरीपणातलं माझं दिव्य शहाणपण आठवतं. तेव्हा अमरावतीत कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि परकोटाच्या आत दारोदारी घराएवढे पांढरे ढीग लागले होते. सासूनं पहिल्यांदाच एकटीला अंबादेवीला धाडलं, तेही बजावून, "उशीर केला तर पुन्हा उंबरा ओलांडू देनार नाही." घर ओळखायला मी खूण धरली ती दारापुढच्या ढिगाची! परतले तर ढीग गाड्यांत भरून गेलेला आणि सगळी दारं सारखीच. मला रडू फुटलं, तेव्हा एका म्हाताऱ्या बांगडीवालीनं विचारलं, "कोनाची सून व तू?" सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, नवऱ्याचं तर नाहीच. "घरधन्याची," मी म्हटलं. "अवो माय, साऱ्याच घरधन्याच्या असतात! घरातल्या कोनाचं तरी नाव घेता येते का तुले?" मी पुष्कळ विचार करून म्हणाले, "मोत्या. लय मारते तो." "नवरा?" "नाही व, बैल!" ती पोट धरून हसली. त्या मारक्या मोत्याला सारी गल्ली ओळखत होती, म्हणून मी वेळेत घरी पोचले. पण बांगडीवालीच्या तोंडाला झाकण कुठलं? संध्याकाळी बाया मला मोत्याची बायको म्हणू लागल्या आणि पारावरची माणसं घरधन्यांना "काय मोत्या?" म्हणून हाक मारू लागली. ते घरी आले, भिंतीकडे तोंड करून बसले आणि त्यांचे खांदे हलत राहिले. तो राग होता की हसू, हे नातवंडांची आजी झाले तरी मला उमगलेलं नाही.