स्टार्टर हरला, हँडल चाललं

मंडळी, आज सकाळी अकोल्यात आमच्या गॅरेजमध्ये जे पाहिलं, ते अजून डोक्यातून जात नाही.

साठच्या दशकात माझे काका ज्या पेट्रोल ट्रकमधून अचलपूरहून अकोल्याला कापूस आणायचे, तो मी पुन्हा उभा करतोय. कार्ब्युरेटर काढून इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर बसवला. पण स्टार्टर मारला की कॉम्प्युटरच बंद पडायचा. आज तो परत करून दुसऱ्या कंपनीचा महागडा घेणार होतो.

काका म्हणाले, "जाऊ दे तं मंग. मले एकदा हँडल मारू दे."

ट्रकच्या समोरच्या भोकातून घालून इंजिन हातानं फिरवायचं ते जुनं लोखंडी हँडल. त्यांचं वय पाहून ते मीच धरलं.

"अंगठा बोटायच्या बाजूले ठेव. उलटा झटका बसला तं मोडते."

दुसऱ्याच हिसक्याला इंजिन सुरू झालं. काकांनी बॉनेटवर तळहात ठेवला.

मग लक्षात आलं, हँडलनं सुरू करताना कॉम्प्युटर बंद पडलाच नाही. जुना स्टार्टर बॅटरीची सगळी ताकद ओढून घेत होता, कॉम्प्युटरला काही उरतच नव्हतं. म्हणजे कॉम्प्युटर चांगलाच आहे. तोच ठेवतोय, स्टार्टर बदलतोय.

अन् समोरचं ते हँडलचं भोक मी उद्या नव्या जाळीनं बुजवणार होतो, आता ते तसंच ठेवतोय. तुम्ही तुमच्या गाडीत असं काय बुजवून टाकलंय?