लॉट पास होऊ द्या

मी करंगळी वर करून उभी होती. बेचाळीस वर्षांची बाई. समोर खुर्चीवर सुपरवायझर, माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनं लहान. त्याच्या डोक्यामागे खिळ्याले लाल प्लास्टिकचा बिल्ला लटकून होता. त्यावर पांढऱ्या अक्षरात लिहिलेलं, पास. चाळीस बायांच्या लाइनले एकच बिल्ला. तो गळ्यात घातल्याबिगर संडासाकडे जाता येत नाही. मशीनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून शाळेतल्या लेकरावानी करंगळी दाखवाची. हा नियम त्यानंच काढला होता.

तिसऱ्यांदा उभी होती मी. बिल्ला कोणाकडे गेलेला नव्हता, खिळ्यालेच होता. त्यानं फोनमधून मान वर केली.

"अभी नाही. लॉट पास होऊ द्या, मंग जा."

"सर, अर्जंट हाये."

"तुमचं रोजच अर्जंट राह्यते. इथं टाइमपास कराले येता का?"

मी वापस येऊन स्टुलावर बसली. आमच्या कंपनीत लाइटचे स्विच बनतात. माझं काम चेकिंगचं. स्विच दाबाचा, टिक वाजला पाहिजे, मंग हिरवं स्टिकर लावाचं. स्टिकरवरबी पासच लिहिलेलं. दिवसभर मी दुसऱ्याले पास करत बसाची. सहा-सात स्टिकर लावले असतील अन् सुटलं. थांबवाचा लय प्रयत्न केला. दात आवळले, मांड्या आवळल्या. नाही थांबलं. सलवार ओली झाली, स्टूल ओलं झालं, फरशीवर ओघळ गेला तो बाजूच्या बाईच्या चपलेपर्यंत.

तो उठून आला. नाकाले रुमाल लावला. "हे काय आहे? तुमच्या वस्तीत चालत असन हे. इथं नाही चालत."

वस्ती म्हणजे काय ते मले समजते. त्यालेबी समजते. आता हे लोक तोंडानं जात नाही काढत. वस्ती काढतात.

"पोछा आणा अन् पुसा. तुम्हीच."

मी पुसलं. ओल्या सलवारीत गुडघ्यावर बसून पुसलं. चाळीस बाया मान खाली घालून स्विच दाबत होत्या. कोणी वर पायलं नाही. त्यांचं ते न पाहणं मले जास्त लागलं. वाटलं, याच फरशीत गडप व्हावं. मंग मी त्याले गेट पास मागितला. घरी जाते म्हटलं, कपडे बदलते. तो म्हणाला, गेट पास फक्त आजारी माणसाले मिळते. तुम्ही कुठं आजारी आहा. मी पाच वाजेपर्यंत त्याच सलवारीत बसली अन् स्टिकर लावले.

पास हा शब्द काही मले नवा नाही. माझा बाप ऑटो चालवे. ऑटो पासिंगले न्यायचा असला का आठ दिवस आधीपासून घरात तेच. रंग मारा, हॉर्न पाहा, मीटर पाहा. पास झाला का बाप जिलेबी आणे. मी दहावी पास झाली तेव्हाबी जिलेबीच आणली. लहानपणी मले वाटे, पास म्हणजे काहीतरी गोड असते. या कंपनीत लागली तेव्हा ऑफिसातल्या मॅडमनं फॉर्म भरता भरता विचारलं, "हजबंड?" म्हटलं, नाही आहेत. "पास अवे?" मले काही समजलं नाही, पण मान हलवली. तिनं टिक केलं अन् पुढचा रकाना घेतला. माझा माणूस चार दिवस तापानं फणफणून गेला होता. घरी येऊन मी माझ्या पोट्टीले त्या शब्दाचा अर्थ विचारला. तिनं सांगतला, वारले का असं विचारलं होतं.

त्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये बायांनी खिडक्या उघडल्या.  कळमेश्वरच्या कंपनीतून सक्करदऱ्यातल्या घरापर्यंत मोठा रस्ता आहे. माझ्या बाजूले एकट्या नलूबाई येऊन बसल्या. लाइनवरची सगळ्यात जुनी बाई, केस पांढरे झालेले. त्यांनी आपली ओढणी माझ्या मांडीवर टाकली.

"चूप राय वं बाई. आपल्याले दिवस काढाचे हायेत."

म्हणजे हे त्यांच्यासोबतबी झालं होतं.  

घरी पोट्टीनं विचारलं, "आई, हा वास कशाचा?" दहावीले आहे ती. म्हटलं, बसमध्ये कोणाच्या तरी लेकरानं केलं. धडधडीत खोटं बोलली मी. मोरीत बसून कपडे धुतले अन् नळ जोरात सोडून रडली.

दुसऱ्या दिवसापासून मी पाणी बंद केलं. सकाळचा चहा बंद. लाइनवरच्या सगळ्या बाया हेच करतात, ते मले तेव्हा दिसलं. सकाळी भरलेल्या बाटल्या आणाच्या, संध्याकाळी भरलेल्याच वापस न्याच्या. ओठ फाटलेले, तोंडं सुकलेली. अन् आम्ही उन्हाळ्याले दोष देत होतो. नागपूरचं ऊन बिचारं बदनाम.

दहा-बारा दिवसांनी ताप भरला. कंबर मोडून राह्यली होती, लघवीतून रक्त आलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाई चांगली होती. तिनं विचारलं, "मावशी, लघवी नीट पास होते ना?"

मी तिच्या तोंडाकडे पाहतच राह्यली. आधी हसू आलं, मंग असं रडू फुटलं का नर्सनं येऊन मले धरलं. डॉक्टरीण म्हणाली, "पाणी काहून पीत नाही तुम्ही?" म्हटलं, पाणी पिलं तं जावं लागते. तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "हे किडनीपर्यंत गेलं आहे. असंच केलं तर पोरीच्या लग्नापर्यंत नाही टिकणार तुम्ही."

आठ दिवसांनी कामावर गेली तं मले लाइनवर बसू नाही दिलं. ऑफिसात बोलावलं. त्याच फॉर्मवाल्या मॅडमनं टाइप केलेला कागद पुढे सरकवला. मी निष्काळजीपणाने उत्पादन विभागात अस्वच्छता केली, याबद्दल माफी मागते, पुन्हा असे होणार नाही. खाली सहीची जागा.

"सही करा. फॉर्मॅलिटी आहे," मॅडम म्हणाली. "मग तुमचं काँट्रॅक्ट पुढे पास करते मी."

"अन् नाही केली तं?"

"मग माझ्या हातात काही नाही."

खोटं काहून बोलू, मी सही कराले तयार होती. पेन हातात घेतलं होतं. घरात पगार माझाच येते. पोट्टीचं दहावीचं साल होतं. भाड्याची खोली गेली तं तिनं कुठं बसून अभ्यास कराचा? सही केली का सगळं मिटते, एवढंच डोक्यात होतं.

ऑफिसच्या काचेतून लाइन दिसते. मी मान वर केली अन् मले नलूबाई दिसल्या. सुपरवायझरच्या टेबलासमोर उभ्या होत्या, करंगळी वर. तो फोनवर कोणाशी हसून बोलून राह्यला होता. नलूबाईनं हात खाली केला नाही. एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर घेतलं, पुन्हा पहिल्यावर. नातवंडं झालेली बाई.  मी अशीच दिसत होती. तीनदा अशीच उभी होती मी, अन् आता त्याचीच माफी मागाले बसली होती.

मी टाइप केलेल्या मजकुरावर आडवी रेघ मारली. खाली माझ्या हातानं लिहिलं. मी तीन वेळा जाऊ द्या म्हटलं. जाऊ दिलं नाही. म्हणून मले कपड्यात लघवी झाली. मलेच पुसाले लावलं. घरीबी जाऊ दिलं नाही. चूक माझी नाही. त्याखाली सही केली, पूर्ण नावानं.

मॅडमनं वाचलं. "तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय लिहिलंय?"

"कळते. फोनमध्ये फोटो काढून घेऊ का याचा?"

तिनं नाही म्हणायच्या आत मी काढला.

"उद्यापासून यायचं नाही," ती म्हणाली.

दोन महिने झाले. तिकडच्या दुसऱ्या दोन कंपन्यांत विचारलं. जुनी कंपनी कोणती ते ऐकलं अन् नंतर फोन करतो म्हणाले. एका मेसमध्ये पोळ्या लाटून राह्यली आहे. कधी बोलावतात, कधी नाही. भीती वाटते.  नलूबाईले म्हटलं, मी तक्रार करून राह्यली, तुम्ही साक्ष द्या. त्या म्हणाल्या, मले नको ओढू वं त्यात. मले राग आला. आतापण येते.

पोट्टीले मी खरं सांगतलं. तिनं ऐकून घेतलं अन् म्हणाली, "तेव्हाच काहून नाही सांगितलं?" 

लेबर ऑफिसात द्याच्या तक्रारीचा अर्ज टाइप कराले शहरात सदर भागात गेली. तिथं रस्त्याच्या कडेले टेबल टाकून एक काका बसतात. माझं सगळं ऐकलं त्यांनी, वाईट वाटलं त्यांले. मंग चष्मा काढून हळूच म्हणाले, "ताई, ते लघवीचं राहू द्या. अपमानास्पद वागणूक असं लिहितो. बाईच्या जातीले बरं दिसत नाही."

"नाही काका," मी म्हटलं. "जे झालं तेच लिहा."

"उद्या लोक हसतील."

"लिहा तुम्ही."

त्यांनी लिहिलं. मी उभ्यानं सगळं वाचून पायलं, एकबी शब्द गाळू नाही दिला.

पुढच्या हप्त्यात लेबर ऑफिसात सुनावणी आहे. तो येईल, मॅडम येईल, वकील आणतील सोबत. माझ्याकडून मी अन् माझी पोट्टी. तिले बाहेर नाही बसवणार. मी उभी राहून सांगीन का मले लाइनवर, चाळीस बायांसमोर लघवी झाली, कारण या माणसानं मले जाऊ दिलं नाही. हळू आवाजात नाही सांगणार. ऐकू नाही आलं म्हणाले तं पुन्हा सांगीन.