शिशाचा दोरा

बनुबाईनं आयुष्यात एकदाही तळ्यात गळ टाकला नाही. पण कडेगावच्या अलीकडं त्यांच्या गावाखाली जो तलाव आहे, त्यातून तीस वर्षांत बाहेर आलेल्या कटला माशांपैकी निम्मे तिच्या गाठींवर आले. असं ती स्वतः कधी म्हणाली नाही. तिचा नवरा गुंडा म्हणायचा, आणि तेही मुद्दाम चारचौघांत, म्हणजे बनुबाईनं पदर तोंडाला लावून आत पळावं.

गुंडा पलटणीतून हवालदार होऊन परत आला तेव्हा पेन्शन आणली, काळी ट्रंक आणली आणि उजव्या हाताची दोन बोटं तिकडच्या वर्कशॉपातच ठेवून आला. गळाचा नाद भोपाळच्या तलावावर एका बंगाली सोबत्यानं लावलेला. नाद राहिला, गाठ मारणारी बोटं गेली. तंगूस म्हणजे ती नायलॉनची पारदर्शक दोरी. ते उरलेल्या बोटांत ठरेना. चार-सहा दिवस त्यानं दातांनी गाठी मारून पाहिल्या आणि साऱ्या घराला वेठीला धरलं. शेवटी बनुबाईनं मांडीवरची वाकळ बाजूला सारली.

"आणा हिकडं. गावाच्या निम्म्या वाकळा म्या शिवल्यात. ह्या टीचभर दोरीला काय भ्यायचं?"

तेव्हापासून वाटणी ठरली. गळ त्यानं निवडायचा, तिनं बांधायचा. संध्याकाळी सोप्यात दोघं समोरासमोर बसायची. तो एकेक गळ अंगठ्याच्या नखावर टेकवायचा. टोक रुतलं तर ठेवायचा, घसरलं तर बाजूला. गळाचं तोंड लहान हवं, पण तार जाड हवी. "कटल्याचा ओठ लय मऊ असतोय. बारीक तार म्हंजे पातंच, ओठ फाडून निघती," हे तो दर वेळी नव्यानं सांगायचा. मग पकडीनं गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून सपाट करायचा, म्हणजे लहान मासा लागला तर इजा न होता सोडता यावा. बनुबाई तंगूस ओवायची, सात वेढे द्यायची, गाठ थुंकीनं ओली करायची आणि हळूच ओढायची. कोरडी ओढली की तंगूस करपतं, हे तिला एकदाच सांगावं लागलं. ती डावखुरी, त्यामुळे तिची गाठ कायम उलट्या अंगानं बसायची.

"हजारात वळखीन मी तुझी गाठ," तो म्हणायचा.

"वळखा की. दुसरं कोन बांधून देतंय तुमाला?"

असे ते दिवस. आता कोणी तिला सोन्यानं मढवलं तरी त्यातली एक संध्याकाळ परत यायची नाही.

त्याचा सगळ्यात मोठा हट्ट शिशाचा. आमिष तळाला बसावं म्हणून दोरीला शिशाचा गोळा लावतात. बाकीचे लोक तो तंगुसानंच पक्का बांधत, आणि सुरुवातीला गुंडाही तसाच बांधून घ्यायचा. एकदा एक मोठा कटला दोरी तोडून गेला. चार दिवसांनी तो बुडालेल्या बाभळीच्या बुंध्यापाशी सापडला. शिसं मुळ्यांत अडकलेलं, गळ ओठात, आणि दावणीला बांधलेलं जनावर उपाशी मरावं तसा मासा जागच्या जागी मेलेला. त्या दिवशी गुंडानं भरलं ताट सारलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "धरला तर खाऊ. पन सुटला तर पुरता सुटला पायजे."

तेव्हापासून शिसं सुती दोऱ्यानं लोंबायला लागलं. बनुबाईचा वाकळ शिवायचा लाल दोरा, तोही एकेरी. शिसं कुठं अडकलं की दोरा आधी तुटायचा, शिसं तिथंच राहायचं आणि मासा मोकळा. लोक हसायचे, गुंडा हवालदार शिशाची नासाडी करतोय म्हणायचे. हसू देत. शिवाय तंगुसाचा एक तुकडा तो काठावर टाकायचा नाही, बगळ्यांच्या पायांत गुंततो म्हणून. तंबाखूच्या रिकाम्या डबीत भरून आणायचा आणि चुलीत टाकायला बनुबाईच्या हातात द्यायचा.

गेल्या दसऱ्याला मात्र घोटाळा झाला. सणाला दोन दिवस असताना संध्याकाळी तिनं त्याच्या गळाच्या पिशवीची उसवलेली कड शिवली, आणि त्यातच रिळावरचा लाल दोरा संपला. सकाळी हा दारात घाई करत उभा. घरात दसऱ्याचं धुणं पडलेलं, अंगणात गोधड्यांचा ढीग. तिनं शिसं तंगुसाच्याच तुकड्यानं बांधून त्याच्या हातात दिलं. एका दिवसानं काय होतंय!

संध्याकाळी तो रिकाम्या हातानं आला, पण डोळे लहान पोरासारखे चमकत होते.

"लय मोठा व्हता, बने. बाभळीकडं गेला आन् दोरी तोडली." पाय धुता धुता त्यानं विचारलं, "शिशाला दोरा व्हता न्हवं?"

बनुबाई भाकरी थापत होती. "व्हय की," ती म्हणाली. मान काही वर केली नाही.

"मग सुटला गडी," तो म्हणाला आणि हसला. दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मागून घेतली. पिशवीची कड पुन्हा उसवलेली दिसली तेव्हा ती करवादली, "आवं, कालच शिवली की ही!" तर म्हणतो कसा, "तुझी शिवण कच्ची."

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी गुंडा बसल्या जागी गेला.

रडून झालं, दिवस झाले, पाहुणे पांगले. बनुबाईला मात्र एक गोष्ट सलत राहिली. तीस वर्षांत त्याच्याशी ती एकदाच खोटं बोलली, ते शेवटच्या आठवड्यात, आणि भल्या माणसानं ते खरं मानलं. तो मासा तिच्या गाठीनं बाभळीला बांधला गेला असणार. चैत्रात पाणी आटलं तेव्हा ती एकटी चिखलात उतरून सगळे बुंधे बघून आली. काही सापडलं नाही. खेकड्यांनी खाल्लं असेल, असं तिनं मनाशी ठरवलं आणि त्या संध्याकाळी तिलाही जेवण गेलं नाही.

वैशाखात गुंडाचा तळ्याकाठचा जोडीदार नाथाजी आला. पूर्वी शिशाच्या दोऱ्याला हसणाऱ्यांत हा पहिला. चहा घेऊन तो बराच वेळ घुटमळला.

"वहिनी, गुंडाचं सामान पडून हाय. मला द्या. आन् त्यो दोरा कसा बांधायचा, तेबी शिकवा."

बनुबाईनं त्या दिवसानंतर पहिल्यांदा पिशवी उघडली. गळ, पकड, शिसं, सगळं जागच्या जागी. तळाशी तंबाखूची डबी. तेव्हा तिला आठवलं, त्या संध्याकाळी डबी तिच्या हातात आलीच नव्हती.

तिनं झाकण उघडलं. आत तंगुसाचा एकच तुकडा होता, वीतभर, मधोमध कापलेला. त्याला गाठ होती आणि गाठ उलट्या अंगानं बसलेली होती. शेजारी लाल दोऱ्याची दोन टोकं, गाठ मारून उरलेली, दातांनी तोडलेली.

बनुबाईनं पिशवीची उसवलेली कड बोटांनी चाचपली. बरोबर हातभर दोरा ओढून काढलेला होता.

तळ्याकाठी बसून त्यानं तिची गाठ ओळखली होती. ती कापली होती. पिशवीची शिवण उसवून, तीन बोटांनी आणि दातांनी, किती वेळ खटपट करून कोण जाणे, शिशाला दोरा बांधला होता. आणि घरी येऊन वर तिलाच विचारलं होतं! मासा मोकळा गेला हे ठाऊक होतं, म्हणून तर तिसरी भाकरी मागितली. तिचं खोटंही त्यानं तिसऱ्या भाकरीबरोबर गोड मानून घेतलं होतं.

"लबाड मेला," ती म्हणाली. तिला हसू फुटलं आणि डोळ्यांतलं पाणी काही थांबेना.

नाथाजी घाबरून उठला. "काय झालं, वहिनी?"

"मासा सुटला, भावजी."

"कंचा मासा? कवा?"

"दसऱ्याच्या आदल्या दिवशी," बनुबाई म्हणाली. तिनं डबी कमरेला खोचली आणि नाथाजीला समोर बसायची खूण केली. "बसा. आदी दोरा ओला करायचा."