वाडी असलेल्यांना मदत कशाला

बी. फार्मला माझा नंबर लागला तेव्हा घरात आनंद झाला आणि तो रात्रीच्या जेवणापर्यंत टिकला. जेवताना बाबांनी फी विचारली. मी आकडा सांगितल्यावर ते ताटातला भात उगाच चिवडत बसले. आईने आमटी वाढायला पुढे केलेली पळी तशीच मागे घेतली.

आम्ही मुंबईलगतच्या उमेळ्याचे. घरामागे आमची वाडी होती. थोडी केळी, थोडी पानवेल, कडेने नारळ आणि तगर. सातबाऱ्यावर बाबांचं आणि काकांचं नाव होतं. नव्वदच्या दशकाची अखेर होती आणि आमच्या चारही बाजूंना वाड्या जाऊन बिल्डिंगी येत होत्या. त्यांना पाणी पुरवायला शेजारच्या विहिरींवर दिवसभर पंप चालत, टँकर भरून जात. आमच्या विहिरीचं पाणी हळूहळू खारट होत चाललं होतं. पानवेलीने आधी मान टाकली, मग केळीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. बाहेरून बघणाऱ्याला मात्र आम्ही जमीनवाले होतो.

माझ्या क्लासच्या सरांनी दादरच्या एका ट्रस्टचा पत्ता दिला. हुशार आणि गरजू मुलांना कॉलेजच्या फीसाठी हा ट्रस्ट मदत करायचा. अर्जाला उत्पन्नाचा दाखला जोडायचा होता, म्हणून बाबा आणि मी तलाठ्याकडे गेलो. तलाठी सातबारा बघून हसला.

"उमेळ्यात एवढी जागा आणि तुम्हाला उत्पन्नाचा दाखला? लोक माझ्याकडे नुसता नकाशा बघायला गाड्या घेऊन येतात."

"जागा आहे," बाबा म्हणाले, "उत्पन्न नाही. दाखला उत्पन्नाचाच मिळतो ना?"

तलाठ्याने दाखल्याची शिफारस लिहून दिली. पण त्याचं ते हसणं बाबांच्या मनात राहिलं असावं, कारण परतताना ते सायकल हातात धरून चालतच आले, बसले नाहीत.

ट्रस्टची मुलाखत एका जुन्या इमारतीतल्या पहिल्या मजल्यावर होती. टेबलापलीकडे तिघे जण होते. दोन वयस्कर पुरुष आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका. माझे मार्क बघून त्यांनी माना डोलावल्या. मग त्यांतल्या एकाने सातबारा उचलला आणि चष्मा वर सरकवत बाबांना विचारलं,

"तुमच्या भागात जागेला सध्या काय भाव आहे, माहीत असेलच. एक तुकडा विकलात तर मुलीचं शिक्षण सहज होईल. ज्यांच्याकडे काहीच नाही अशी मुलं बाहेर बसली आहेत. तुम्हाला आम्ही कशासाठी द्यावं?"

बाहेरच्या बाकावर खरंच मुलं बसली होती. मला त्या माणसाचा राग आला नाही. तोच प्रश्न मी कितीतरी दिवस मनात घोळवत होते, फक्त विचारायचा कुणाला ते कळत नव्हतं.

बाबा परक्यांशी बोलताना पुस्तकी मराठी बोलायचे, तोलून मापून. तेव्हा मात्र ते आमच्या घरच्या बोलीत बोलून गेले. अर्थ एवढाच होता की, मला वाडीशिवाय दुसरं काही करता येत नाही, साहेब. विकली तर उद्या सकाळी उठून मी जाऊ कुठे?

समोरच्या दोघा पुरुषांना ते कितपत समजलं कोण जाणे. मुख्याध्यापिका बाईंनी काहीतरी टिपून घेतलं आणि म्हणाल्या, "मी घरी येऊन बघेन. मग ठरवू."

घरी येऊन बघणार म्हटल्यावर आमच्याकडे वेगळीच गडबड उडाली. काकू सकाळीच आली आणि आईला म्हणाली, "टीव्ही आमच्याकडे नेऊन ठेव. रंगीत टीव्ही बघून कोण मदत देईल तुला? आणि ती नवी साडी नेसू नको."

आई पाटावर बसून तांदूळ निवडत होती. तिने मानही वर केली नाही. "टीव्ही हप्त्याने घेतलाय, चोरून नाही. आणि घरी पाहुणी येणार म्हणताना मी फाटकं नेसून बसू?"

"पाहुणी नव्हे ती, तपासायला येतेय."

"आली की बसेल आणि चहा घेईल. म्हणजे पाहुणीच."

बाई रिक्षाने आल्या. आईने नवी साडी नेसली होती, पोहे केले होते, वर ओला नारळ भरपूर. बाईंनी पोहे संपवले, टीव्हीकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "आता वाडी दाखवा."

बाबांनी त्यांना सगळीकडे फिरवलं. पानवेलीचे रिकामे मांडव दाखवले, करपलेल्या केळी दाखवल्या. विहिरीशी आल्यावर बाईंनी पाणी मागितलं. आई घरातून हंड्यातलं आणायला निघाली तर त्या म्हणाल्या, "नको, हेच द्या." बाबांनी पोहरा सोडला. बाईंनी ओंजळीतून एक घोट घेतला आणि तोंड वळवून थुंकून टाकला. मग पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळल्या.

"तू सांग. ही जागा विकावी असं तुला वाटतं का?"

बाबा माझ्यापासून हातभर अंतरावर होते, पोहऱ्याचा दोर गुंडाळत. मला साधं उत्तर देता आलं असतं. मोठ्यांचा निर्णय आहे, असं म्हटलं असतं तर कुणी पुढे विचारलं नसतं. पण आमच्या घरात आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं आणि विचारल्यावर खोटं बोलणं जमेना.

"हो," मी म्हटलं. "सगळी नाही. पण थोडी विकावी असं वाटतं. पाणी गोडं होणार नाही आता."

बाबांचे हात थांबले. आईने माझ्याकडे असं बघितलं की मी जमिनीकडेच बघत राहिले. "बरं," एवढंच म्हणून बाई घराकडे वळल्या. जाताना आईने त्यांना केळफूल आणि दोन नारळ दिले. ते त्यांनी घेतले, पण रिक्षापर्यंत सोडायला मात्र कुणाला येऊ दिलं नाही.

मला वाटलं, मी माझ्या हाताने मदत घालवली. विकायची इच्छा आहे असं अर्जदारानेच सांगितल्यावर ट्रस्ट कशाला पैसे देईल? आईचंही तेच म्हणणं होतं, ती ते भांडी आपटत म्हणाली. बाबा मात्र संध्याकाळी ओट्यावर येऊन माझ्या शेजारी बसले.

"एवढे दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

त्यांनी समोरच्या नव्या बिल्डिंगीकडे बघितलं. कुणाच्या तरी बाल्कनीत ओले कपडे झटकण्याचा आवाज येत होता.

"मी काकालाही विचारलं नाही कधी," ते म्हणाले. "विचारलं तर तो हो म्हणेल, ही भीती होती."

त्या संध्याकाळी त्यांनी मला पहिल्यांदा वाडीचा हिशोब सांगितला. खत, वीज, मजुरी आणि हाती उरणारं. मी बारावी झालेली मुलगी, पण आमचं घर कशावर चालतं ते मला तोवर ठाऊक नव्हतं.

ट्रस्टने मदत दिली, पण देणगी म्हणून नाही. निम्म्या फीपुरतं बिनव्याजी कर्ज, नोकरी लागल्यावर फेडायचं. सोबतच्या पत्रात कारण दिलं नव्हतं. बाईंनी माझ्या बाजूने काही सांगितलं की नाही, मला कधीच कळलं नाही. उरलेल्या फीसाठी मी समोरच्याच बिल्डिंगीतल्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या. कोकणातून, मुंबईतून नवीन राहायला आलेली कुटुंबं ती. त्यांच्या आया मला "मॅडम" म्हणायच्या. त्या बिल्डिंगीच्या जागी पूर्वी कुणाची वाडी होती ते मी त्यांना सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. त्यांचा त्यात काही दोष नव्हता. त्यांच्या घरांतही फी आणि हप्ते हेच विषय चालायचे.

वाडीचा रस्त्याकडचा भाग मी तिसऱ्या वर्षाला असताना घरच्यांनी विकला. फीसाठी नाही, तोवर तिथे काही उगवतच नव्हतं. पण कराराचे कागद आले तेव्हा बाबांनी काकांना बोलावलं, आईला बोलावलं आणि मला वाचायला बसवलं. मोठ्याने वाच, म्हणाले. मी सगळं वाचलं आणि विचारलं, "रस्त्याकडचा भाग त्यांचा झाला, तर मागच्या वाडीत आपण जायचं कुठून?"

कागदात वाटेचा उल्लेखच नव्हता. काका म्हणाले, "तोंडी बोलणं झालंय." आई पहिल्यांदाच मध्ये बोलली, "तोंडी असेल तर लिहायला काय जातं?" बिल्डरच्या माणसाने कुरकुर केली, दोन वेळा कागद परत नेले, पण वाट लिहून दिली. एक बैलगाडी जाईल एवढी रुंद. त्यावेळी बैलगाडी आमच्याकडे कुणाचीच उरली नव्हती, तरी बाबांनी माप तेच सांगितलं.

नोकरी लागल्यावर मी ट्रस्टचे पैसे हप्त्याहप्त्याने फेडले. विहिरीशी मी हो म्हटलं ते वाडीचं भलं बघून की माझं, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. बाबांनी ते मला कधी विचारलं नाही. पुढे मात्र घरातली कुठलीही मोठी गोष्ट ठरवताना ते आधी सगळ्यांना ओट्यावर बोलावत, आणि सगळे येईपर्यंत विषय काढत नसत.