ओढ्याकाठची कबर

अण्णांच्या थोरल्या पोरानं पेटीला लाथ घातली.

पेटी खांद्यांवरनं निसटली. दगडावर आपटली, फळ्या उचकटल्या आणि माझा बाप, आप्पा, बाहेर पडला. तोंड खाली. नवा पांढरा सदरा चिखलात.

"देव बदललासा न्हवं? मग माती बी बदला," पोरगा म्हणाला. "ह्या गावात किरिस्तावाचं मडं पुरायचं न्हाय."

ओढ्याकाठची ती जागा आमचीच. मांगवाड्यातली माणसं तिथंच पुरलेली. माझा आजा तिथं, आजी तिथं, पाळण्यातच गेलेला माझा भाऊ तिथं. आमचं गाव निपाणीजवळ. अण्णा गावचे बडे जमीनदार. आप्पा जन्मभर त्यांच्या तंबाखूच्या रानात राबला आणि गावच्या जत्रेत हलगी वाजवत आला. मग त्यानं बाप्तिस्मा घेतला. पुढच्या जत्रेला अण्णांचा निरोप आला, तेव्हा आप्पा स्वतः जाऊन सांगून आला, "आता न्हाय वाजवणार, अण्णा." भांडला नाही. आवाज चढवला नाही. तरी ते त्यांना झोंबलं. जित्तेपणी काढता आली नाही ती खुन्नस त्यांनी मेल्यावर काढली.

अण्णा काठ्या घेतलेल्या गड्यांसोबत बांधावर उभे होते. हाताची घडी घालून. पोराला अडवायला पुढं आले नाहीत.

माझा नवरा पेटी सावरायला गेला. त्याच्या डोक्यात काठी बसली. रक्त डोळ्यात उतरलं, तो खाली बसला. मी आप्पाला उताणं केलं. तोंडातली माती पदरानं पुसत होते, तेवढ्यात त्या पोरानं आप्पाच्या छातीवर पाय दिला. बुटासकट.

"वडून ने त्येला. कुत्रं वडत्यात तसं."

कुदळ कबरीच्या कडेला पडली होती. माझ्या हातात कशी आली, मला ठाऊक नाही. मी ती डोक्यावर उचलली. तो मागं सरकला, पाय चुकला आणि खड्ड्यात पडला. आप्पासाठी खणलेल्या खड्ड्यात. वर मी. कुदळ फक्त खाली आणायची होती.

"आक्का, नगं! आक्का!"

लहानपणापासून तो मला नुसतं 'ए' म्हणायचा. त्या दिवशी पहिल्यांदा आक्का झाले.

मला त्याला मारायचंच होतं. खोटं कशाला सांगू? त्याचं टाळकं फुटलेलं मला डोळ्यांसमोर दिसत होतं. पण ती कबर आप्पाची होती. तिच्यात त्या पोराचं रक्त मला नको होतं.

"भाईर ये," मी म्हणाले. "माझ्या बापाची जागा हाय ती."

तो वर आला आणि मागनं कुणीतरी माझ्या उजव्या मनगटावर काठी घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. कुदळ पडली. मी आप्पाचं डोकं मांडीवर घेऊन बसले.

पोलीस आले. एकजण कन्नडमध्ये म्हणाला, "एळम्मा, एळ." ऊठ बाई, ऊठ. मी उठले नाही. ऊन चढलं. माश्या बसायला लागल्या. मी एका हातानं हाकलत राहिले.

मग बेळगावहून, कॅम्पातल्या चर्चचे पाळकसाहेब गाडी करून आले. माझ्याजवळ उकिडवे बसले. "तू त्याला सोडलंस. तुझ्यात प्रभूची दया दिसली, मुली."

"ती दया नव्हती, पाळकसाहेब."

त्यांनी आप्पाच्या तोंडावरची माशी हाकलली. "बेळगावला नेऊ यांना. तिथं जागा मिळेल. या लोकांचा न्याय देवावर सोड. शेवटच्या दिवशी तो सगळ्यांना जाब विचारणार आहे."

"त्या दिवशी मेलेली माणसं उठणार न्हवं?"

"उठणार."

"मग आप्पा हितनंच उठणार. अण्णांच्या तंबाखूम्होरं. डोळ्याला डोळा देऊन."

पाळकसाहेब उठले, उचकटलेल्या फळ्या स्वतः गोळा करायला लागले.

दुपार कलल्यावर तहसीलदार आले. ही जागा मांगवाड्याच्या स्मशानाचीच, असं सगळ्यांदेखत बोलले. पोलिसांच्या पहाऱ्यात आम्ही आप्पाला माती दिली. मी डाव्या हातानं दिली.

मी त्या पोरावर केस केली. नंतर अण्णा दारात आले. मांगवाड्यात पहिल्यांदाच. बसा म्हटलं, बसले नाहीत.

"पोरगं चुकलं. केस माघारी घे. तुमच्यात माफी असती म्हणं."

"असती की. मागणाऱ्याला असती. त्येला कोर्टात हुबा करा. मेलेल्या माणसाच्या छातीवर पाय दिला म्हणून समद्यांसमोर म्हणू दे. मग माफीचं बघू."

"लई माजलीस गं."

"व्हय. माजलो आमी."

तेव्हापासून गावात आम्हांला कुणी कामाला बोलवत नाही. कौलांवर दगड पडतात. नवऱ्याला अजून एका डोळ्यानं अंधूक दिसतं. मी रोज प्रार्थना करते. त्या पोराला नरक दे असं मागत नाही, स्वर्ग दे असंही नाही. ते देवानं बघावं, त्याच्या दिवशी.

माझी साक्ष सोमवारी आहे. मी जाणार. ह्याच मोडलेल्या हातानं बोट करून सांगणार, हाच तो.