खाली उभं राहणारं माणूस

आमच्या घरात जत्रेतल्या पाळण्यात बसायचं काम माझं आणि खाली पिशव्या सांभाळत उभं राहायचं काम यांचं. हे म्हणजे माझे यजमान. लग्नानंतर पहिल्याच वर्षी आम्ही वारज्याच्या पलीकडे एका गावच्या जत्रेला गेलो होतो, तेव्हापासूनची ही वाटणी. यांची नोकरी लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत. दिवसभर तारेचे दोर, ब्रेक आणि नटबोल्ट तपासणारा माणूस जत्रेतल्या आकाशपाळण्याकडे करमणूक म्हणून बघणार कसा? त्या दिवशी त्यांनी पाळण्याभोवती एक चक्कर मारली, खांबांखाली सरकवलेले लाकडी ठोकळे वाकून पाहिले आणि पाळणेवाल्याला विचारलं, "हे लेव्हलमध्ये आहे का?"

"हाय की! कालधरनं फिरतोय, काय झालं न्हाई. बसा तुमी."

"फिरू द्या मग," म्हणून हे बाजूला झाले. मी बसले.

मला पहिल्यापासून उंचावरून खाली येण्याची हौस. पाळणा वरून सुटला की पोटात जो खड्डा पडतो, तो मला हवाहवासा वाटायचा. पुढे मुलगी झाली, तीही माझ्यावर गेली. कर्वेनगरात माझं कॉलेजच्या ऑफिसातलं काम संपलं की तिला घेऊन कुठल्या ना कुठल्या मैदानावरच्या मेळ्यात जायचं, टोराटोरा, कोलंबस, ब्रेकडान्स असं सगळं करायचं, आणि खाली हे उभे. टोराटोराचा एक हात फिरताना कुरकुरायचा, कोलंबसच्या नावेला थांबवायला तिथली माणसं टायर दाबून धरायची. मांडीवरचा लोखंडी दांडा लावून झाला की त्याला दोरीचा एक वेढा. आम्ही मायलेकी हसत ओरडत असायचो. उतरल्यावर हे एवढंच म्हणायचे, "झालं समाधान? चला." आम्ही दोघी त्यांना भित्रे म्हणून चिडवायचो. ते कधी उलटून बोलले नाहीत.

मुलगी खराडीच्या कंपनीत लागली आणि तिथून जर्मनीला गेली. यांच्या निवृत्तीनंतरच्या उन्हाळ्यात आम्ही तिच्याकडे राहायला गेलो. एका शनिवारी ती म्हणाली, "आई, उद्या तुला खऱ्या राईड्स दाखवते. इकडचे पार्क बघितलेस ना, तर आपल्या जत्रा विसरशील."

जंगलातून आगगाडीने गेलो. मी बरोबर दशम्या आणि चटणी घेतली होती, कारण तिकडे माणसाला भूक लागली की गोड तरी मिळतं नाहीतर थंड तरी. पार्क म्हणजे एक आखीव गावच. पानं झाडून एका बाजूला केलेली, प्रत्येक राईडपाशी रांगेला कठडे, आणि इथून किती वेळ लागेल ते सांगणारी पाटी. तेवढाच वेळ लागत होता, हे मला सगळ्यात परकं वाटलं. एक खुर्ची बाहेरच ठेवलेली होती, आपण तिच्यात मावतो की नाही हे आधी बसून बघायला. आपल्याकडे माणूस मावेपर्यंत ढकलतात.

मी सगळीकडे मान वळवून बघत होते, पण यांचं वेगळंच चाललं होतं. सगळ्यात उंच रोलरकोस्टरच्या खाली हे मान वर करून उभे राहिले ते हलेचनात. डबे साखळीवरून चढावर जात होते आणि टक टक टक असा आवाज येत होता.

"ऐकलंस? प्रत्येक टकेला खाली एक दाता खाचेत पडतो. साखळी तुटली तरी गाडी मागे येणार नाही." मग वर फलाटावर काम करणाऱ्या मुलीकडे बोट दाखवून म्हणाले, "ती बघ, प्रत्येकाचा पट्टा हाताने ओढून बघते. पलीकडून दुसरा येतो आणि तोही ओढून बघतो." आणि लगेच म्हणाले, "मी बसतो यात."

"बाबा, सिरियसली?" मुलगी ओरडलीच.

तिघंही रांगेत उभे राहिलो. ही दोघं बोलत होती आणि मला मात्र काहीतरी होऊ लागलं होतं. फलाटावर पोचलो, डबे समोर येऊन थांबले, आणि माझा पायच उचलेना. बाजूला एक छोटं फाटक होतं, ऐन वेळी ज्यांचा विचार बदलतो त्यांच्यासाठी. तशीही माणसं असणार हे त्या लोकांनी आधीच धरलं होतं.

"मी नाही बसत," मी म्हणाले.

"आई, तू? अगं, काय होतंय तुला?"

"काही नाही. तुम्ही जा."

यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि पुढे जाऊन बसले.

मी खाली येऊन एका बाकावर बसले. शेजारी माझ्याच वयाची एक बाई होती, तिच्या मांडीवर दोन जाकिटं. वर टक टक सुरू झाली. डबे चढावर गेले, अर्ध्याच्या थोडे वर पोचले, आणि आवाज थांबला. गाडीही थांबली.

मला वाटलं, असंच असेल. मग लाउडस्पीकरवर काहीतरी बोलले, आधी जर्मनमध्ये, मग इंग्रजीत. तांत्रिक कारण, सगळे सुरक्षित आहेत, बसून राहा, एवढं मला कळलं. आजूबाजूची माणसं आइस्क्रीम खात होती. कोणी धावलं नाही, कोणी ओरडलं नाही. आपल्याकडे एव्हाना पन्नास जण सल्ला द्यायला जमले असते, आणि खरं सांगते, त्या वेळी मला ते पन्नास जण हवे होते. वर एक टक्कल चमकत होतं, ते यांचं आहे एवढंच मी धरून चालले. चष्म्याशिवाय यांना खालचं काही दिसत नसणार, मी कुठे आहे तेही नाही. मी तरीही हात हलवला.

शेजारच्या बाईने वर बोट करून काहीतरी विचारलं. मी "हजबंड, डॉटर" म्हणाले. तिने दोन बोटं दाखवली आणि हात स्वतःच्या डोक्याएवढ्या उंचीवर धरला. नातवंडं असावीत. तिचा चेहरा शांत होता, पण जाकिटाची बाही तिने मुठीत पिळून धरली होती. मी डबा उघडून तिला दशमी दिली. तिने ती खाल्ली. दोघींनी मान वर करून एकेक दशमी संपवली, पण चव कशी लागली हे आम्हा दोघींनाही सांगता आलं नसतं.

मग चढाच्या कडेच्या जिन्यावरून दोन माणसं वर गेली. एकेका रांगेचे पट्टे सोडवत, हात धरून, त्यांनी सगळ्यांना पायऱ्यांवरून खाली आणलं. हे उतरले ते लालबुंद चेहऱ्याने. मला वाटलं घाबरलेत. माझ्यापाशी येऊन म्हणाले, "दाता असा नेमका बसला होता म्हणून सांगू! तसूभर मागे नाही आली गाडी."

"तुम्हाला काही वाटतं का?" माझा आवाज चढला. "माझा जीव जायची वेळ आली इथे!"

"अगं, काहीतरी बिनसलं आणि यंत्र आपणहून थांबलं, म्हणजे यंत्र चांगलं आहे. तसंच पुढे गेलं असतं तर घाबरायचं." आणि मग चष्मा घालून माझ्याकडे नीट बघत म्हणाले, "रडलीस की काय?"

परतीच्या गाडीत मुलगी डुलक्या घेत होती. मी यांना विचारलं, "इतकी वर्षं खाली उभे राहून तुम्ही काय करायचात?"

"तुमचा पाळणा ज्या खिळीवर लटकायचा, ती खीळ बघत राहायचो. हलायला लागली तर ओरडून थांबवायला."

"जत्रेतल्या कर्ण्यांच्या गोंगाटात तुमचं ओरडणं कोणाला ऐकू गेलं असतं?"

"नसतं गेलं. पण कोणीतरी बघायला नको का?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्या फलाटावर माझा पाय का उचलला नाही, ते मला आत्ता कुठे कळत होतं. राईड उंच होती म्हणून नव्हे. यांनी "मी बसतो" म्हटलं आणि खाली कोणीच उरलं नाही. मी जिला माझी हिंमत समजत होते तिच्यातली निम्मी तरी त्या खाली उभ्या राहिलेल्या माणसाची होती. त्या देशात हे काम पट्टे, पाट्या आणि दोनदा ओढून बघणारे हात करतात, आणि ते उत्तम करतात. आपल्याकडे ते घरातल्या कोणाला तरी करावं लागतं, आणि त्याला आपण भित्रा म्हणतो. तिकडची व्यवस्था इकडे यावी असं मला मनापासून वाटतं. ठोकळ्यांवर उभ्या केलेल्या पाळण्यात पोरांना बसवण्यात काही मोठेपणा नाही. पण ती येईपर्यंत निदान त्या माणसाकडे नीट बघायला हवं.

पुण्यात आल्यावर सोसायटीतले लोक विचारत, "मग, तिकडचं भारी की इकडचं?" हे म्हणत, "तिकडचं बंद पडतं. इकडचं पडतं." लोक हसत. मला हसू येत नसे.

हिवाळ्यात हायवेजवळच्या मैदानावर मेळा लागला. मीच म्हणाले, एकदा पाळण्यात दोघं बसू. संध्याकाळची वेळ होती, गर्दी सुरू व्हायची होती. यांनी खांबाखाली वाकून पाहिलं, तिथे काँक्रीट ओतलेलं होतं. मग माझ्या शेजारी येऊन बसले. तिकडच्या राईडमध्ये खांदे असे आवळलेले असतात की शेजारच्याला हातही लावता येत नाही. इथे बाकडं गुळगुळीत आणि दांडा सैल. पाळणा हलल्याबरोबर मी त्यांच्यावर घसरले, मग ते माझ्यावर. खाली माणसं भरायला पाळणा थांबला तेव्हा आम्ही अगदी वर होतो. वारा होता. यांनी दांडा घट्ट धरला होता, मीही. पण हळूहळू त्यांची मान बाहेर वळली.

"ती बघ, टाकीवर लाल दिवा असलेली. आपली बिल्डिंग."

"ती आपली नव्हे. आपली तिच्या मागे."

"मागे कशी असेल? हायवे डावीकडे आहे."

"अहो, हायवे डावीकडे आहे म्हणूनच तर म्हणतेय."

"बरं, तुझी ती. माझी ही," हे म्हणाले, आणि पाळणा खाली निघाला.